शिवेवरचा गाडा

पार्बताबाई भित्री होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लोक तिच्याविषयी असं काही बोलू लागले की जणू ती जन्मली तीच वाघीण म्हणून. कसली वाघीण! पाल चुकचुकली तरी हातातलं काम टाकायची. भर दुपारी विहिरीत एकटीनं वाकून पाहायची नाही. वावटळ उठली की पदर तोंडाशी धरून देवाचं नाव घेत खाली बसायची. नवरा नत्थुजी थट्टा करायचा, "आपल्या सावलीले तरी भेत जाऊ नको वं बाई." ती म्हणायची, "सावलीचाबी भरवसा नाई."

तिचं गाव चिंचखेड, तेल्हाऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडवाटेवर. नत्थुजी माळ्याची वाडी अगदी शिवेला लागून होती. एक विहीर, जनावरांसाठी दगडी डोणी, राखणीची खोपी, आणि वांगी, कांदे, सांबार यांचे वाफे. सांबार म्हणजे पुण्याकडचे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. उगाच कोणाचा घोटाळा नको.

ती सालं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून पऱ्हाटी लावली. हिवाळा सरला तरी गाड्यांची रांग तुटायची नाही. तेल्हारा, अकोला, तिथून पुढं अमरावतीचा बाजार. बैलांच्या घुंगरांनी झोप लागायची नाही. गाडीवान वाटेवर थांबत, वांगी घेत, डोणीवर बैल पाजत. सगळे खूश होते. मग एका चैत्रात त्याच वाटेनं पटकी आली.

हगवण, ओकारी आणि खेळ खलास. सकाळी ज्यानं मोट हाकली तो दिवस मावळायच्या आत मसणात. आजूबाजूच्या गावांच्या बातम्या यायच्या. अशा वेळी आमच्या मुलखाची रीत ठरलेली. मरीआईला गाड्यात बसवायची, गाड्याला निंबाचे डहाळे बांधायचे आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायची. पुढच्या गावानं गाडा आपल्या शिवेबाहेर ढकलायचा, त्याच्या पुढच्यानं आणखी पुढं. गाड्यात डोकवायचं नाही, हात लावायचा नाही. ज्या गावच्या शिवेत गाडा थांबला त्या गावात आई उतरली म्हणून समजायचं.

केशवराव पाटलानं वेशीला निंबाचा दोर बांधला होता आणि शिवेवर काठ्या घेऊन माणसं उभी केली होती. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. गाव वाचवायचं म्हणजे कोणीतरी कडक व्हावंच लागतं.

पार्बताबाईला मात्र गावाची एवढी फिकीर नव्हती. तिचा जीव अडकला होता वच्छलात. एकुलती लेक, अमरावतीला राजापेठेच्या बाजूला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं, या खेपेला काही वाकडं होऊ नये एवढंच पार्बताबाईचं मागणं होतं. मारुतीला, महादेवाला, वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या धोंड्याला, कोणाला म्हणून तिनं सोडलं नव्हतं.

त्या दिवशी वच्छलाला भरीत खावंसं वाटलं, म्हणून पार्बताबाई वांगी तोडायला वाडीत आली. ऊन टळटळीत. एवढ्यात शिवेवरची माणसं बोंबलत सुटली, "गाडा! गाडा आला रे बाप्पा!" आणि काठ्या टाकून पळाली. राखणीला ठेवलेली माणसं ही!

गाडा येत होता खरा. वर कापूस भरलेला, मागंपुढं निंबाचे डहाळे, धुरेवर कोणी नाही. दोन पांढरे बैल आपल्याच मनानं पाय ओढत चालले होते. वेशीतून केशवरावाचा आवाज आला, "कोणी पाहू नका! दुरूनच काठीनं हाका, पुढं जाऊ द्या!" पण हाकायला पुढं कोण येतो? ज्याची त्याची पाचावर धारण बसलेली.

आणि बैलांनी वाट सोडली. त्यांना पाण्याचा वास आला होता. गाडा खडखडत वाडीत शिरला आणि डोणीजवळ येऊन थांबला.

पार्बताबाई खोपीमागं डोळे गच्च मिटून बसली होती. "आई, माह्या घरी पोटुशी लेक हाये, इथं थांबू नको," एवढंच पुटपुटत होती. पण कानांना झाकण थोडंच असतं? डोणी कोरडी होती. बैल तो कोरडा दगड चाटत होते. खर्र, खर्र. जन्म मळ्यात गेलेल्या बाईला तो आवाज सहन होईना. शेवटी ती तशीच, डोळे अर्धवट मिटून, गाड्याकडे पाठ करून विहिरीकडे सरकली. पोहरा शेंदला, डोणीत ओतला. पुन्हा शेंदला, पुन्हा ओतला. बैलांनी माना खाली घातल्या.

तेव्हा कापसातून आवाज आला. "पाणी..."

पोहरा हातातून सुटून डोणीत पडला. देवीनं पाणी मागितलं तर द्यायचं की नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाठमोरीच तिनं विचारलं, "आई, तू हायेस का?"

"शालिकराम," आवाज म्हणाला. "तेल्हाऱ्याचा."

आता देवीचं नाव शालिकराम नसतं, एवढं भित्र्यातल्या भित्र्या माणसालाही कळतं. पार्बताबाईनं डोळे उघडले आणि गाड्यात पाहिलं. कापसात एक तरणा गडी रुतून पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ निळे, बोटांची कातडी चुरगळलेली, अंगाखालचा कापूस घाण झालेला. वाटेत त्याला पटकी लागली तेव्हा सोबतच्या गाडीवानांनी येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून गाडीला निंब बांधला आणि ते पुढं निघून गेले. बैल वाट माहीत म्हणून चालत राहिले. गाव ज्याला मरीआईचा गाडा समजून पळालं तो हा.

"अवो, मानूस हाये!" ती वेशीकडे तोंड करून ओरडली. "आई नोहे, मानूस हाये! जितं हाये!"

मग केशवराव म्हणाला, "तू पाह्यलं?"

"पाह्यलं ना."

"मंग पार्बते, आता तू तिकडंच राह्य. तो मरो का जगो, आई त्याच्याच अंगात बसून आली. दोराच्या अलीकडं पाय टाकू नको. घरी पोटुशी लेक हाये, तिचा तरी इचार कर."

लेकीचं नाव काढलं आणि पार्बताबाई होती तिथंच मातीत बसली. नत्थुजी दोरापाशी आला, त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "काहून गेली वं तू त्याच्यापाशी? तू तं बेडकाले भेतेस!" बैलांना पाजलं आणि माणसाला नाही, हे तिला जमलं नसतं. पण हे तिला तेव्हा सांगता आलं नाही, ती नुसती रडली.

तिनं शालिकरामला खोपीत ओढून घेतलं. आता पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, पाणी पोटात गेलं की माणूस गेलाच, असं सारा मुलूख म्हणायचा. तीही तेच ऐकत आली होती. पण तो मागत होता. ती गडव्यातून घोटभर पाजायची, तो ओकायचा, ती पुन्हा पाजायची. प्रत्येक घोटाला वाटायचं, हा आता आपल्या हातून मेला. मग तिनं ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली, मिठाचा खडा टाकला, ती चमच्यानं घातली. पोटऱ्यांत पेटके आले की तो गुरासारखा ओरडायचा आणि ती राख गरम करून फडक्यात बांधून शेकायची. अंग बर्फासारखं पडलं तेव्हा गाडीतला चांगला कापूस आणून त्याच्यावर ढिगानं घातला. लोक ज्या कापसापायी वेडे झाले होते त्याचं तिनं पांघरूण केलं.

भीती तर क्षणभर हटली नाही. तो झोपला की हा गेला काय म्हणून ती नाकाशी हात धरायची, जागा झाला की आता काय होतं म्हणून थरथरायची. एकदा तिच्याच पोटात मुरडा आला. झालं, आपली पाळी! ती आडवी पडून नत्थुजीचं, वच्छलाचं नाव घेत मरणाची वाट पाहू लागली. बराच वेळ मरण येईना, तेव्हा आठवलं, सकाळी भुकेपोटी कच्ची वांगी खाल्ली होती.

नत्थुजी रोज दोराजवळच्या धोंड्यावर भाकरी ठेवून मागं सरायचा, मग ती जाऊन घ्यायची. वच्छला कशी आहे एवढंच ती विचारायची. "बरी हाये," तो म्हणायचा, आणि त्याच्या आवाजातून काही लपवतोय का हे ती दिवसभर मनात घोळवत बसायची.

मग एका पहाटे शालिकराम म्हणाला, "माय, मले भूक लागली." आवाज घोगरा, पण माणसाचा. पार्बताबाई आधी दचकली आणि मग हसता हसता ढसढसा रडायला लागली. असा आनंद तिला आपल्या लग्नात झाला नव्हता. या पोराचं ना गोत माहीत, ना घर, आणि ती त्याच्या तोंडात भाकरीचा कुस्करा घालताना असं पाहत होती की जणू तिनंच त्याला जन्म दिला. आपण इतके दिवस उघड्या शिवारात, विंचूकाट्यात, कोणाच्या सोबतीशिवाय राहिलो, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

पण सुख फार टिकलं नाही. गावात एक म्हातारा गेला, पाठोपाठ एक पोरगी. लोक म्हणू लागले, पार्बतीनं गाडा अडवला म्हणून आई उतरली. त्याच सकाळी नत्थुजी धापा टाकत दोरापाशी आला. "वच्छलाले कळा सुरू झाल्या. पाटील म्हंते, गाडा त्या पोट्ट्यासकट शिवेपार लोटून दे, विहिरीवर डोक्यावरून आंघोळ कर आन् ये घरी. चाल वं, पोट्टी तुले हाका मारून रायली."

शालिकराम भिंतीला धरून उठला. "माय, जा तू. मले गाडीत टाकून दे, मी जाईन कसाबसा." उभं राहायची ताकद नव्हती आणि म्हणे जाईन.

पार्बताबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी तिनं त्याची घाण काढली होती. हे हात घेऊन बाळंतिणीच्या खोलीत जायचं? ती मागं सरली. "मी नाई येत," ती म्हणाली. "ह्या हातानं मी पोरीले शिवनार नाई. माणिकबाई सुईनीले बोलवा. तिच्या हातानं अर्धं गाव झालं." पुढं लोक म्हणाले, परक्यासाठी पोटच्या लेकीवर पाणी सोडलं, केवढं काळीज! काळीज कसलं, भीती होती ती. वच्छलाला आपल्यामुळं काही होईल या भीतीनं ती तिथं बसून राहिली आणि दिवसभर वेशीकडे तोंड करून पदराचं टोक चावत होती.

ऊन उतरता उतरता नत्थुजी आला. "पोरगी झाली. दोघी सुखरूप हाये." पार्बताबाई मातीत डोकं टेकवून किती वेळ तशीच पडली. नात कशी आहे, केस आहेत का, नाक कोणावर गेलं, हजार गोष्टी विचारायच्या होत्या. नत्थुजीला त्यातल्या एकीचंही धड उत्तर देता आलं नाही. पुरुषाला काय पुसावं!

नातीचं तोंड पाहायचे वेध लागले असताना, बाळंतीण अजून खाटेवरच होती तेव्हा, एका सकाळी दोरापाशी नत्थुजी दिसला. हातात भाकरी नव्हती. पार्बताबाईला विचारावंच लागलं नाही.

"वच्छलाले लागली," तो कसाबसा म्हणाला. "माणिकबाई लेकरू उचलून आपल्या घरी घेऊन गेली. घरात कोणी पाय ठेवून नाई रायलं."

पार्बताबाई धावली. दोराखालून वाकून आत शिरली. केशवराव वेशीतच उभा होता. तो बाजूला सरला. गल्लीतली दारं एकेक करून लागत गेली. तिच्याच गावात लोक तिला पाहून दारं लावत होते, आणि तिला त्याचं काही वाटायलाही सवड नव्हती.

वच्छला खाटेवर पडली होती. डोळे तसेच खोल, ओठ तसेच निळे. बाळंतीण, आधीच अंगातलं रक्त गेलेलं. "माय," ती कुजबुजली, "पाणी दे."

पार्बताबाईनं गडवा भरला. खाटेशी बसली, लेकीची मान मांडीवर घेतली. गडवा ओठांपर्यंत नेला आणि हात थांबला. पाणी पोटात गेलं की माणूस गेलाच. सारा मुलूख म्हणतो. शालिकराम वाचला खरा, पण तो धडधाकट गडी. ही ओली बाळंतीण. पाणी पाजलं आणि गेली तर? "माय, पाणी," वच्छला पुन्हा म्हणाली. गडवा थरथरला, पाणी लेकीच्या गळ्यावर सांडलं, पण ओठांत गेलं नाही. पार्बताबाईनं गडवा खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. नत्थुजी दारात उकिडवा बसून डोकं धरून होता. "पाजू का हो?" तिनं विचारलं. "मले नको इचारू," तो म्हणाला, "मले नको इचारू वं." दुपार झाली. वच्छलाचा आवाज बारीक होत गेला.

दारात सावली पडली. शालिकराम होता. काठी टेकत, भिंती धरत, जागोजाग बसत तो शिवेपासून आला होता. गावात कोणी त्याला अडवलं नव्हतं, अडवायला जवळ जावं लागतं. या घरात ज्यानं आपण होऊन पाय ठेवला असा तो पहिला माणूस.

त्यानं खाटेकडे पाहिलं, भरलेल्या गडव्याकडे पाहिलं. "माय, पाजून काहून नाई रायली?"

"भेव वाटते रे."

"मले पाजलं तवा नाई वाटलं?"

पार्बताबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि जे कधी कोणाला बोलली नसती ते बोलून गेली. "तू परका होता रे बाबा. मेला असता तं मेला असता. मी रडली असती, पन जगली असती."

बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. शालिकरामला ते लागलं असणार, कोणाला लागणार नाही? मग तो भिंत सोडून खाली बसला, सरपटत खाटेजवळ आला आणि गडवा हातात घेतला.

"तं मंग मले दे," तो म्हणाला. "मी तिले परकाच हाये. माहा हात नाई कापत."

त्यानं एक घोट पाजला. वच्छला ओकली. पार्बताबाई किंचाळली, तशी तो म्हणाला, "मीबी ओकलो होतो ना वं, माय? तूच पुन्हा पाजलं होतं." त्यानं पुन्हा पाजलं. पार्बताबाई भिंतीकडे तोंड करून बसली आणि मागून येणारा घोटाघोटाचा आवाज ऐकत राहिली. मध्येच ती उठली, चुलीवर कण्या चढवल्या, मिठाचा खडा टाकला, पेज गाळून त्याच्यापुढं आणून ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्याचे हात दमले की तो टेकायचा, पण गडवा तिच्या हातात द्यायचा नाही, आणि तीही मागायची नाही.

दिवे लागणीला वच्छलाच्या पोटात पेज टिकली. दुसऱ्या दिवशी तिनं लेकरू मागितलं.

वच्छला पुढं नातवंडांची आजी होऊन गेली. पटकी त्यानंतरही कितीदा आली, आणि आली की लोक पार्बताबाईला न्यायला यायचे. केशवराव पाटीलही एकदा हात जोडून आला. ती जायची. थरथरत जायची, वाटेत देवाची नावं घेत जायची, पण जायची. परक्याच्या खाटेशी तिचा हात कधी थांबला नाही. आणि गेल्या गेल्या घरच्यांना म्हणायची, "तुमी भाईर बसा. आपल्या मानसाले आपल्यानं पाजवत नाई. तुमचं मी पाहातो."

तिच्या घरात कोणाचं पोट बिघडलं, की नत्थुजी गाडी जुंपायचा आणि तेल्हाऱ्याला शालिकरामला आणायला निघायचा.